आधी थरथरली, मग झुलली

माझ्या आजीच्या आयुष्यात तारखा नव्हत्या, सण होते. कुणाचा जन्म तान्ह्या पोळ्याचा, कुणाचं मरण नागपंचमीच्या आदल्या रात्रीचं. तिच्या तोंडून मी ऐकलेली भूकंपाची गोष्टही अशीच शिमग्याला बांधलेली होती. तिचं माहेर तुमसरच्या उत्तरेला, बावनथडीच्या काठावर. तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं, एवढंच तिला आपल्या वयाबद्दल खात्रीनं सांगता येई.

"शिमग्याले दोन रोज बाकी होते," ती सांगे. "मी सकारीच उठून आंगनात सडा टाकत होती. त माजघरात उतरंड खनखनली. मले वाटलं, मांजर शिरली. मंग गुंडातलं पानी हिंदकललं. सपरीतला कंदील आपोआप झुलू लागला. बुडा गोठ्यातून वरडला, बाहीर निंगा, धरती हालली!"

पोरं होळीसाठी शेणाच्या चाकोल्या ओवत बसली होती, ती तशीच टाकून पळाली. गावातल्या म्हाताऱ्यांनी शेषनागानं डोकं हलवलं असं सांगितलं आणि बायकांनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. पुढे पुढे ही गोष्ट सांगताना आजी त्यात घराचे कवेलूही पाडू लागली. पण कंदील मात्र प्रत्येक वेळी झुले, पाणी प्रत्येक वेळी हिंदकळे, आणि शिमग्याचे दोन दिवस कधी तीन झाले नाहीत.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी भारतातल्या जुन्या भूकंपांच्या याद्या मी चाळत होतो. त्यात एक नोंद सापडली: १४ मार्च १९३८, सातपुडा, तीव्रता सव्वासहाच्या आसपास, खोली सुमारे ४० किलोमीटर. वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सव्वासहाची, म्हणजे नेमकी सडा टाकायची. मग त्या वर्षीचा शिमगा शोधला. १९३८ सालची फाल्गुन पौर्णिमा १६ मार्चला होती. दोन रोज बाकी होते.

त्या भूकंपाचं केंद्र पश्चिमेकडे, खानदेश आणि निमाड यांच्या सीमेजवळ. आजीच्या माहेरापासून साडेचारशे किलोमीटरहून अधिक दूर. एवढ्या लांबून कवेलू पडणार नाहीत, ते आजीचे नंतरचे. पण उतरंड खणखणणं, टांगलेला कंदील झुलणं, भांड्यातलं पाणी हिंदकळणं हे सारं पटतं, कारण हा धक्का कवचात खूप खोलवर बसला होता आणि म्हणूनच फार मोठ्या मुलखात जाणवला. शिवाय आमची जमीन. पश्चिम महाराष्ट्रापासून पसरत आलेला काळा कातळ नागपूरच्या आसपास संपतो. भंडाऱ्यात त्याखालचे जुने, अब्जावधी वर्षांचे कठीण खडक वर आलेले आहेत. त्यांतल्या एका खडकसमूहाला आमच्याच साकोलीचं नाव आहे. असा जुना, घट्ट खडक भूकंपाची लाट लवकर विझू देत नाही, ती लांबवर पोहोचवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजीची गोष्ट ही एक नोंद होती. तिला वेळेची रेघ नव्हती, पण बाकी सगळं होतं: काय हललं, किती हललं, आधी काय आणि नंतर काय. भूकंपाचं शास्त्र अशाच नोंदींवर उभं राहिलं आहे. १२ जून १८९७ ला आसामात महाभयंकर भूकंप झाला, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी गावोगावाहून आलेली टिपणं जमवली. कुठली भिंत कुठल्या बाजूला पडली, घड्याळ किती वाजता थांबलं, दगड जागचा उडाला की नुसता सरकला. त्या टिपणांच्या जोडीला दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघा त्यांनी ठेवल्या आणि भूकंपाच्या तीन प्रकारच्या लाटा वेगवेगळ्या वेळी येतात हे दाखवून दिलं. पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे, याचा पुरावाही पुढे १९०६ साली त्यांनीच मांडला. त्या आसामच्या धक्क्यानंतर आपल्या देशात यंत्रं आली. १८९८ साली कोलकात्याच्या अलिपूरला, आणि त्याच सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आणि कोडाईकनालला.

आमच्या वरठी गावात मात्र यंत्र यायच्या आधी आबाजी होते.

माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत पॉइंट्समन होते. आमच्या गावच्या स्टेशनचं नाव भंडारा रोड. भंडारा शहर इथून दहा-बारा किलोमीटर लांब, पण १८८० च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला तो वरठीवरून. स्टेशनानं नाव शहराचं घेतलं, गाडी मात्र आमच्या दारात थांबली. आबाजींच्या वडिलांनी मीटर गेजची लहान गाडी पाहिली होती आणि मोठ्या गाडीसाठी रूळ रुंद केलेलेही. आबाजींनी कोळशाच्या इंजिनांचा सारा काळ पाहिला. रात्रीच्या पाळीत ते रुळाशेजारी उभे असत, आणि गाडी दिसायच्या कितीतरी आधी त्यांच्या तळपायांना ती कळे. भरलेली मालगाडी की रिकामी, एक इंजिन की दोन, हेही. आम्ही पोरं त्यांची परीक्षा घ्यायचो. ते डोळे मिटून अनवाणी उभे राहायचे आणि म्हणायचे, "भरली हाय. कोरसा हाय." थोड्या वेळानं कोळशाच्या वाघिणी धडधडत जायच्या.

१९९७ चा मे महिना. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळं घर अंगणात झोपतं. बाजा ओळीनं टाकलेल्या होत्या, आबाजी कडेला, आजी दाराजवळ, मी मध्ये. दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती, चांदणं लख्ख पडलं होतं आणि वस्तीतल्या विहारापाशी माळा लावणाऱ्यांचे आवाज उशिरापर्यंत येत होते. रात्री एक वाजून गेल्यावर माझी बाज कुरकुरली. दाराची कडी वाजली. मला वाटलं, मालगाडी. कुशीवर वळणार तेवढ्यात आबाजी उठून बसलेले दिसले. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, अगदी स्तब्ध.

"गाडी नोहे," ते म्हणाले.

मग काही वेळ काहीच झालं नाही. आणि त्यानंतर बाज हळूच डोलली, झाडाला टांगलेल्या झोक्यात कुणी नसताना तो हलू लागला. आजी दारातून म्हणाली, "हालली गा, हालली."

सकाळी रेडिओवर कळलं. जबलपूरला भूकंप झाला, ५.८ तीव्रतेचा. पुढे मृतांचा आकडा चाळिशीच्या घरात गेला. केंद्र वरठीपासून सरळ रेषेत सुमारे २१० किलोमीटर उत्तरेला, नर्मदेच्या खोऱ्यातल्या त्या जुन्या भेगेच्या पट्ट्यात. १९२७ चा सोन खोऱ्यातला आणि १९३८ चा आजीचा धक्काही त्याच नर्मदा-सोन पट्ट्याशी जोडला जातो. मी आबाजींना विचारलं, तुम्हाला गाडी नाही हे कसं कळलं? ते म्हणाले, "गाडी येकाच बाजूनं येते. वाढत वाढत येते, घटत घटत जाते. हे खालून आलं. आधी थरथरली, मंग थांबली, मंग झुलली. गाडी अशी थांबून झुलत नाही."

भूकंपाचं मूळ शास्त्र इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेलं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. खडक फुटतो तेव्हा तिथून दोन प्रकारच्या लाटा निघतात. प्राथमिक लाट खडकाला पुढेमागे दाबत धावते, ती वेगवान, कवचात सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर. दुय्यम लाट खडकाला आडवी हलवत येते, ती मागे राहते, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. आधी येते ती थरथर, नंतर येतं ते झुलणं. जितकं लांब तितकं दोघींमधलं अंतर जास्त. जवळच्या भूकंपांसाठी एक ढोबळ हिशोब शाळेतल्या मुलालाही करता येतो: मधले सेकंद मोजा आणि आठानं गुणा, किलोमीटर मिळतात. जबलपूर ते वरठी हे अंतर आठानं भागलं तर पंचवीस-सव्वीस सेकंद येतात. अंगणात काहीच झालं नाही असं मला वाटलं, तो हाच मधला काळ.

मी पुढे विज्ञानाचा शिक्षक झालो तो गावातल्याच शाळेत. नववीच्या भूगोलात 'अंतर्गत हालचाली' हे प्रकरण येतं, दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन. दोन्ही धडे मुलं वेगवेगळ्या वह्यांत लिहून घेतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखच होत नाही. ती ओळख करून द्यायची तर वर्गात भूकंपमापी हवा, असं मला फार वाटे. जगात शाळांसाठी अशी यंत्रं आहेत. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात ती वर्षानुवर्षं चालत आली आहेत. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेनंही शाळांसाठी असा कार्यक्रम हाती घेतला. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नेपाळ. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथे जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तो शनिवार होता, शाळांना सुट्टी होती, म्हणून हजारो मुलं वाचली. पुढे स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठात काम करणाऱ्या एका नेपाळी संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पश्चिम आणि मध्य नेपाळातल्या शाळांत रास्पबेरी शेक नावाची छोटी यंत्रं बसवली. यंत्राची देखभाल शिक्षकांकडे, शिकणं मुलांकडे, आणि मुलांकडून ते घरातल्या थोरांकडे.

आम्ही बनवलं ते स्लिंकीचं. हे यंत्र अमेरिकेतल्या शिक्षकांत चांगलंच रुळलेलं आहे आणि त्याची रचना कुणालाही उघडी आहे. मुलांच्या खेळण्यातली ती सैल स्प्रिंग एका उभ्या नळीत टांगायची. तिच्या टोकाला चुंबक. चुंबकाभोवती, त्याला न लागता, तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, ते जमिनीशी पक्कं. त्याखाली तांब्याच्या नळीचा तुकडा आणि त्यात दुसरा चुंबक. जमीन हलली की नळी, वेटोळं, टेबल सगळं हलतं, पण स्प्रिंगला टांगलेला चुंबक जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो. चुंबक आणि वेटोळं यांच्यातलं अंतर बदलू लागलं की तारेत वीज उमटते, फार थोडी. ती वाढवून संगणकाला द्यायची. तांब्याची नळी कशाला? तर एकदा हललेला चुंबक उगाच हलत राहू नये म्हणून. तो हलू लागला की नळीत उलट प्रवाह उठतात आणि त्याला आवरतात. हा शेवटचा भाग मुलांना सर्वांत आवडला. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तरी तांबं चुंबकाला थांबवतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

वेटोळं मुलींनी गुंडाळलं. पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या एका पालकानं जाड पत्र्याची बैठक कापून आणून दिली. यंत्र आम्ही तळमजल्यावरच्या खोलीत, भिंतीपासून दूर, थेट फरशीवर ठेवलं.

आणि पहिल्या दिवसापासून त्यावर रेल्वे उमटली. रूळ शाळेपासून लांब नाहीत. विदर्भ एक्स्प्रेस थांबते ती वेगळी, न थांबता जाणारी गाडी वेगळी, कोळशाची मालगाडी तर सगळ्यांत लांब आणि जाड. काही पाहुण्यांनी मला सुचवलं की इतक्या गडबडीच्या गावात भूकंपमापी ठेवून उपयोग नाही. मला ते पटत नाही. शांत डोंगरात ठेवलेल्या यंत्रावर मूल फक्त भूकंपाची वाट बघतं. आमची मुलं रोज रेघ वाचतात. वाढत जाऊन घटत जाणारी रेघ म्हणजे गाडी, हे ती सांगायला लागली तेव्हा मला माझ्या आबाजींचे तळपाय आठवले. ही मुलं तेच शिकत होती, फक्त डोळ्यांनी.

४ डिसेंबर २०२४, बुधवार, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. गोदावरीच्या त्या खोऱ्यात एवढा मोठा धक्का १९६९ च्या भद्राचलमनंतर प्रथमच. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा, सगळीकडे माणसांना तो जाणवला. शाळेत पोहोचलो तर मुलं खोलीच्या दारात उभी होती. संगणकावर रेघ होती. आधी बारीक थरथर, मग उसंत, मग मोठी झूल. मधली उसंत चाळीस सेकंदांच्या आसपास. एकानं फळ्यावर आठानं गुणाकार मांडला. ३२० किलोमीटर. नकाशावर कंपास लावून वर्तुळ काढलं. पण वर्तुळावर गावं पुष्कळ, भूकंप नेमका कुठला? एका यंत्राला अंतर कळतं, दिशा नाही. तीन ठिकाणची तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील तो बिंदू खरा. आपल्याला दुसऱ्या गावांची गरज लागते, हे तेव्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी आम्ही एक वही उघडली. घरी जाऊन विचारायचं: तेव्हा तुम्ही कुठे होता, कितव्या मजल्यावर, बसलेले की उभे, काय हललं, आवाज आला का. मग त्याच्या पुढचा प्रश्न: याआधी कधी असं झालं होतं?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. रस्त्यावर चालणाऱ्यांना काही कळलं नाही, वरच्या मजल्यावर चहा पिणाऱ्यांना कळलं. दुसऱ्या प्रश्नानं मात्र घरोघरच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं, विहारात शिडीवर चढून ते माळ बांधत होते आणि शिडी हलली म्हणून खाली धरणाऱ्यावर ओरडले. पोरानं तारीख लिहिली नव्हती, पण बुद्ध पौर्णिमेची आदली रात्र लिहिली होती. माझ्या अंगणातली रात्र तीच. चिखल्याच्या मँगनीज खाणीत नोकरी केलेल्या माझ्या काकाजींना मी वर्गात बोलावलं. भोंगा, मग सुरुंग, मग पायांखालचा दणका, हे त्यांच्या आयुष्याचं वेळापत्रक होतं. ते म्हणाले, "सुरुंग येकदम ठोसा मारते आन संपते. झुलवत नाही." हेही खरंच आहे. स्फोट चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, त्यातून दाबाची लाट जोरात निघते, आडवी लाट दुबळी राहते. भूकंपात दोन खडक एकमेकांवरून घासत सरकतात, म्हणून आडवी लाट जोमदार. मे २०२४ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात अडीच तीव्रतेच्या आसपासचे लागोपाठ धक्के नोंदले गेले, तेव्हा हा भूकंप की खाणीतले सुरुंग, अशी चर्चा सर्वत्र झाली होती. त्याचं उत्तर कसं शोधायचं हे आमच्या मुलांनी काकाजींकडून ऐकलं आणि मग रेघेत पाहिलं.

आणि एका आजीनं सांगितलं ते आमच्याकडच्या धक्क्याचं नव्हतं. "गनपती शिरवले त्या रातच्याले लातूरकडे मानसं मातीत गेले," एवढंच. आमच्या गावातून तेव्हा चादरी, धान्य, भांडी गोळा करून पाठवली होती, त्यात तिनं आपल्या लेकीच्या लग्नासाठी घेतलेली नवी चादर दिली होती.

किल्लारी या विषयापाशी मी वर्गात नेहमी थांबतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. तीव्रता ६.२, म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा नव्हे, पण अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसं गेली. माती-दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपलेली घरंच्या घरं दबली. तिथे आधीच्या वर्षभरात छोटे धक्के बसत होते, १८ ऑक्टोबर १९९२ ला तर साडेचार तीव्रतेचाही बसला होता. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही: त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. नकाशा नंतर बदलला. २००२ च्या नकाशात लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेलं आणि पहिला पट्टा काढूनच टाकला. त्या नकाशात सर्वांत खालचा पट्टा दुसरा, आणि आमचा भंडारा जिल्हा त्यात पडतो. "सर, आपण झोन दोनमध्ये आहोत ना?" असं मुलं विचारतात तेव्हा त्या प्रश्नात सुटका असते. किल्लारीला तेव्हा त्याहूनही खालचं स्थान होतं, हे मी त्यांना सांगतो. मुलांना घाबरवायला नव्हे, त्यांनी आपल्या घरांकडे नीट पाहावं म्हणून. जुन्या कवेलूच्या घरांत निदान लाकडाचा सांगाडा असे. आज गावोगाव पट्ट्या आणि कॉलम न घालता विटांवर थेट स्लॅब टाकला जातो. दरवाजाच्या वरून घरभर फिरणारी काँक्रीटची एक पट्टी भिंतींना एकत्र बांधते, हे नववीतल्या मुलानं घर बांधणाऱ्या आपल्या बापाला सांगितलं तर त्या यंत्राचं काम झालं.

गोसेखुर्द धरणाचं पाणी जवळ असल्यामुळे कोयनेचा प्रश्नही हमखास येतो. कोयनेचं १०३ मीटर उंच धरण, १९६२ पासून भरू लागलेला जलाशय, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का. जवळजवळ दोनशे माणसं गेली. पाण्याच्या भारानं आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याच्या दाबानं, आधीच ताणलेल्या भेगा सरकल्या. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचा जगातला सर्वांत अभ्यासलेला प्रदेश तो, आणि त्यासाठी तिथे गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासले आहेत. पण प्रत्येक धरण म्हणजे कोयना नव्हे. ताणलेली भेग खाली नसेल तर पाणी काही करत नाही. भीती आणि बेफिकिरी या दोन्हींवर मोजणं हाच उपाय, एवढं सांगून मी पुढे जातो.

२८ मार्च २०२५ चा शुक्रवार मी विसरणार नाही. बाराला काही मिनिटं कमी होती. मुलं आपल्या कामात होती, आणि एकीनं विचारलं, "सर, आता कोणती गाडी?" कुठलीच गाडी नव्हती. रूळ रिकामे होते, फाटक उघडं होतं. रेघ वाढत गेली, थोडी निवळली, आणि मग पुन्हा उठली ती पानभर पसरली. मुलं आनंदानं ओरडली. एवढी मोठी रेघ त्यांनी पाहिली नव्हती. कुणी फळ्यावर गुणाकार करू लागलं. मी त्यांना थांबवलं, कारण इतक्या लांबच्या धक्क्याला आठाचा हिशोब चालत नाही, लाट पृथ्वीच्या खोल थरांतून येते. तासाभरात बातम्या आल्या. म्यानमार, मंडाले शहराजवळ, ७.७. वरठीपासून सुमारे १,७०० किलोमीटर. आपल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून ५० मिनिटांनी तिथे जमीन फाटली आणि साडेतीन-चार मिनिटांत तिची पहिली खबर आमच्या फरशीवरच्या स्प्रिंगपर्यंत पोहोचली. पूल, विहार, मशिदी, शाळा पडल्याची चित्रं मोबाइलवर दिसू लागली. त्या भूकंपात तीन हजारांहून अधिक माणसं गेली.

ओरडलेली मुलं गप्प झाली. जी मुलगी आधी बोलली होती तिनं विचारलं, "सर, आपण रेघ पाहत होतो तेव्हा ती माणसं दबत होती का?" मी हो म्हणालो. मला दुसरं काही सांगता आलं नसतं, आणि सांगू नये असंही मला वाटतं. भूकंप किती तीव्रतेचा, हे यंत्र सांगतं. तो कुणाच्या डोक्यावर काय पाडून गेला, हे माणसंच सांगतात. म्हणून मला शाळेत यंत्र हवं आणि त्याच्याशेजारी ती वहीही हवी.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या विज्ञान आणि भूगोल शिक्षकांना माझी विनंती आहे. स्प्रिंग, चुंबक, तांब्याची तार आणि शाळेतला एखादा जुना संगणक, एवढ्यावर सुरुवात होते. धक्का जाणवला तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या 'भूकंप' ॲपवर आणि संकेतस्थळावर कुणालाही आपला अनुभव नोंदवता येतो, तो मुलांकडून नोंदवून घ्या. धक्का बसला तर बाकाखाली बसून डोकं झाकायचं आणि बाक घट्ट धरायचा, हे वर्षातून एकदा तरी करून घ्या. यंत्र जमेल तेव्हा आणा. वही मात्र याच आठवड्यात उघडा आणि मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. तारीख नसली तरी चालेल, सण लिहून आणायला सांगा. १९३८ च्या शिमग्यात जे मूल दहा वर्षांचं होतं, ते आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे.